टांकोची टोपी आणि माझी चवळी

टांको माझा थट्टेतला भाऊ. मी गोबीरची, तो कात्सिनाचा. आमच्या वाडवडिलांनी ठरवूनच ठेवलंय की या दोन कुळांनी एकमेकांना वाट्टेल ते बोलावं, एकमेकांच्या वस्तू पळवाव्यात, पण रागवायचं नाही. ते रागवायचं नाही, हेच मला जड जातं.

सुगीनंतर शेतीचा सल्लागार इलियासू गावात आला. त्याने धान्य साठवायची नवी पिशवी आणली होती, आतून दोन पदरी प्लास्टिकची. तोंड गच्च आवळलं की हवा कोंडते आणि भुंगे आतच मरतात, औषध लागत नाही. शेजारच्या गावांनी करून पाहिलंय, म्हणाला. कुणी पुढे येईना. मग मी माझं चवळीचं सगळं बियाणं त्यात घातलं. सगळं! ते किडलं असतं, तर पुढच्या वर्षी बाजारात चवळीची भजी कसली तळणार होते मी, कपाळ?

पिशवी गावासमोर भरली. टांकोने आत डोकं खुपसलं आणि ओरडला, "अगं, चवळी गुदमरतेय! मला हाका मारतेय!" सगळे खिदळले. मी त्याला बखोट धरून ओढलं, उरलेली टोपलीभर चवळी रागारागाने वर ओतली आणि इलियासूने गाठ मारली.

त्या संध्याकाळी टांकोची लाल टोपी हरवली. त्याने आळ घेतला शेजारच्या हलिमाच्या शेळीवर. सात महिने ती शेळी दिसली की हा "चोरटे!" म्हणून ओरडायचा.

पेरणीच्या तोंडावर सगळ्यांदेखत पिशवी सोडली. वरची चवळी चकचकीत, एक भोक नाही. मला रडूच आलं.

"काल बाजारातून आणून भरलीय हिने," टांको म्हणाला. "भोळे आहात सगळे!"

लोक कुजबुजायला लागले. इलियासूचा चेहरा पडला. मेल्याला थट्टा कुठे थांबवावी ते कळतच नाही! मी तणतणत अख्खी पिशवी चटईवर उपडी केली.

चवळीतून लाल टोपी बाहेर पडली.

गावप्रमुखांना हसू आवरेना. "टांको, हिने ही पिशवी एकदा जरी उघडली असती, तर तुझी टोपी घालून सात महिने बाजारात मिरवली असती की नाही?"

टांकोने मान खाली घातली. "मिरवली असती."

"विहिरीवरसुद्धा," मी म्हणाले.

इलियासूच्या पिशव्या बघता बघता संपल्या. शेवटची टांकोला मिळाली, पण गावप्रमुखांच्या अटीवर: आधी शेळीची माफी. टांकोने टोपी घातली, शेळीपुढे उकिडवा बसला आणि वाकून म्हणाला, "चुकलं माझं, बाई."

शेळीने टोपी ओढली आणि खाल्ली.