पिशवीतला डोळा

मनुष्याचे घर त्याचे, वस्त्र त्याचे, हे सर्वांस मान्य असते. चेहरा मात्र रस्त्यावर येताच सर्वांचा होतो, अशी एक समजूत रूढ आहे. ती अर्धीच खरी आहे. पाहण्यास कोणी कोणाला मनाई करू शकत नाही. पण पाहिलेले उचलून नेणे ही गोष्ट निराळी. हा भेद उमगायला मला एकोणीस वर्षे लागली, आणि तो उमगला एका दुपारी, बस एका थांब्यावर उभी असताना.

मित्रांनो, मी रिळावर चालणारा एक जुना कॅमेरा आहे. माझे अंग धातूचे, वर काळे कातडे. माझ्या धन्याचे बाजारात छायाचित्रांचे छोटेसे दुकान होते. दिवसभर तो गिऱ्हाइकांना स्टुलावर बसवी आणि म्हणे, "हनुवटी खाली. खांदे सैल. हलू नका." त्यासरशी जित्याजागत्या माणसाचा पुतळा होई. ओळखपत्रांसाठी असे पुतळे टिपून टिपून तो विटला होता. "लोक चेहरा घरीच ठेवून येतात की काय?" असे तो बायकोला म्हणे. ती म्हणे, "तुम्हीच घाबरवता त्यांना. आरशात बघा, न्यायाधीश बसलाय जणू!"

बसमध्ये मात्र त्याला हवे ते चेहरे सापडले. कुणी खिडकीला डोके टेकून पेंगत असे, कुणी मनातल्या मनात एखादे भांडण जिंकत असे. दुपारी जेवायला घरी जाताना तो मला कापडी पिशवीत घालून मांडीवर घेई. पिशवीला माझ्या भिंगाएवढे भोक होते. माझ्या झडपेचा खटका ऐकू जाऊ नये म्हणून कळ दाबतानाच तो खोकत असे. कोरडा, एकच खोकला. पुढे ती चित्रे मोठी करून तो दुकानाच्या दर्शनी काचेत लावी आणि खाली सुवाच्य अक्षरांत बसचा क्रमांक व वेळ लिही. लोक थांबून वाहवा करीत. त्या वाहवेने मीही फुगलो होतो. काचेतल्या माणसांना कोणीच विचारले नव्हते, हे मला एकदाही खटकले नाही.

त्या दुपारी समोरच्या बाकावर एक बाई बसली होती. मांडीवर चारेक वर्षांची मुलगी निजलेली, पायांशी घाईने बांधलेले गाठोडे. थांबा आला की बाईचा हात मुलीच्या डोक्यावर जाई, बस सुटली की सैल पडे. धन्याला तो हात दिसला. तो खोकला, मी टिपले.

शेजारी एक वयस्क परिचारिका बसली होती. तिने बटव्यातून खोकल्याची गोळी काढली. "भाऊ, महिनाभर ऐकतेय तुमचा खोकला. ही चघळा आधी. आणि छाती तपासून घ्या, अंगावर काढू नका."

धन्याने ओशाळून गोळी तोंडात टाकली. पुढचा थांबा आला. चालकाने इंजिन बंद केले. बाईचा हात पुन्हा मुलीच्या डोक्यावर गेला, आणि धन्याला मोह आवरला नाही. कळ दाबली गेली. पण तोंडात गोळी, खोकला काही आला नाही. त्या शांततेत माझा खटका उघडावाघडा वाजला.

बाईने मान वर केली. "काय वाजलं ते?"

"काही नाही. डब्याचं झाकण."

"भोकाच्या पिशवीत डबा?" समोरून कुणी म्हणाले. "काका, वयाला तरी शोभतं का हे?"

वाहक आला आणि त्याने मला पिशवीतून बाहेर काढले.  बाई ओरडली नाही, याचेच मला अधिक भय वाटले. मुलगी जागी होऊ नये अशा आवाजात तिने विचारले, "बाजारात काचेत फोटो लावलेलं ते दुकान तुमचं ना? माझा नवरा रोज त्यावरून जातो. तीन आठवडे झाले, मी हिला घेऊन निघून आलेय, ठिकाणं बदलत राहतेय. मागच्या वेळी त्यानं शोधून काढलं, तेव्हा हिचा हात दीड महिना गळ्यात होता. आता तर तुम्ही बसचा नंबरही लिहून ठेवाल."

"नाही लावणार. शब्द देतो, ताई."

"शब्द? आत्ताच तर डब्याचं झाकण म्हणालात."

 सारी बस त्याच्याकडे पाहत होती. माझ्या पोटातल्या रिळात चौतीस चित्रे होती. त्यांतच एक त्याच्या बायकोचे होते. कॅमेऱ्यापुढे कधी न हसणारी ती, त्याच बसच्या खिडकीतून काहीतरी पाहून हसली होती. त्या एका चित्राची त्याला किती ओढ होती, ते मलाच ठाऊक होते.

"उतरा खाली, नाहीतर चौकीवर चला," वाहक म्हणाला.

धन्याने मला त्याच्या हातून घेतले, अंगठ्याने माझी पाठ उघडली आणि भर उन्हात रीळ हातभर ओढून बाईच्या हाती दिले. बाईने ते टोकापर्यंत उलगडून खिडकीतल्या उन्हात धरले. "आता नाही ना काही?"

"काही उरलं नाही. ऊन लागलं की सारं पुसलं जातं."

"खोकला बराच लवकर उतरला म्हणायचा तुमचा," परिचारिका म्हणाली. कुणी हसले नाही. बस सुटली. बाईचा हात या वेळी सैल पडला नाही.

घरी गेल्यावर धन्याने बायकोला सारे सांगितले, तिच्या नकळत टिपलेले तिचे चित्र गेले तेही.  ती म्हणाली, "मला विचारलं असतंत, तर मी काय नाही म्हणाले असते?" दुसऱ्या दिवशी काच रिकामी झाली. पुढे तो बसमध्ये मला उघड्यावर घेऊन बसे आणि म्हणे, "तुमचा फोटो काढू का?" दहांतले सात जण नको म्हणत. उरलेल्या तिघांनी स्वतःहून दिलेले चेहरे मी जितक्या आदराने टिपले, तितक्या आदराने पूर्वी काहीच टिपले नव्हते.

मित्रांनो, आता माझी झडप गंजली आहे. तुमच्या प्रत्येकाच्या खिशात मात्र एक डोळा आहे, आणि त्याचा आवाजही होत नाही. म्हणून सांगतो, कळ दाबण्यापूर्वी एकदा विचारा. समोरचा नको म्हणाला, तर तेही मानाने घ्या.

त्या माय-लेकींचे एकही चित्र माझ्याजवळ नाही, आणि ते योग्यच आहे. त्या जेथे असतील तेथे सुखरूप असोत. त्यांच्या दारावरची थाप नेहमी मायेच्याच माणसाची असो. चुकलेल्या माझ्या धन्याचेही कल्याण असो.