राजवाड्यातल्या गाठी

हिसाकोबाईंनी निळीची बादली गवतावर तिरकी केली आणि मी कुंपणाअलीकडून ओरडले, "अहो, थांबा! स्टॉप!"

चौऱ्याऐंशी साल. माझ्या लेकीच्या, सुनेत्राच्या बाळंतपणाला मी अमेरिकेत बेलव्ह्यूला गेले होते. शेजारच्या या जपानी बाईंचा सगळा जन्म लाँड्रीच्या दुकानात लोकांच्या पँटी आखूड करण्यात गेलेला. रविवार मात्र त्यांचा स्वतःचा. पांढऱ्या कापडाची चिमटी घ्यायची, दोऱ्याने आवळायची, कापडभर अशा चिमट्या बांधून ते निळीत बुडवायचं. दोरा सुटला की खाली पांढरं कडं उरतं. आपली बांधणीच म्हणा ना, जपानी माहेरची.

"का ओतताय, विचार गं," मी सुनेत्राला म्हटलं.

हिसाकोबाईंनी नुसती बोटं दाखवली. संधिवाताने आल्याच्या गड्ड्यासारखी वेडीवाकडी झालेली. "नो फिंगर्स, नो कलर," त्या म्हणाल्या आणि पुन्हा बादलीला हात घातला. तोंडावर काही नाही. रडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"सांग त्यांना," मी घाईने म्हटलं, "मी बडोद्याच्या राजवाड्यात बांधणी बांधायचे. राणीसाहेब दुसरीच्या हातचं नेसायच्याच नाहीत. एकदा हत्तीची झूल बांधली, तर हत्ती आरशापुढून हलेना!"

"आई! बडोद्याला तू आत्याकडे राहायला गेली होतीस फक्त."

"तू भाषांतर कर. पोट एवढं मोठं झालंय, मनही कर थोडं."

तिने केलं. हिसाकोबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि बादली खाली ठेवली. "शो मी."

झाली का पंचाईत! बाळाच्या दुपट्यासाठी माझी जुनी मऊसूत साडी आणली होती, तिचाच तुकडा आणला. त्यांनी चिमटी कशी घ्यायची ते दाखवलं, पण बोटं मिटेनात. मी दोरा हातात घेतला आणि काय सांगू, कापडाचं ते टोक म्हणजे मोगऱ्याचा देठच की! जन्मभर गजरे केलेली बोटं, सुटली भराभर. कुंपणावरची खार बघता बघता तोल जाऊन पडली. सुनेत्रा म्हणते, खार नव्हतीच.

कापड बादलीतून निघालं ते हिरवंगार. वारा लागला तसं डोळ्यांदेखत निळं होत गेलं. मी आपली खुशीत.

मग गाठी सोडायच्या. त्यांची रीत अशी, कापड दोन्हीकडून ताणायचं, की दोरे टपटप सुटतात. हिसाकोबाईंनी ताणलं. काही नाही. एक टोक मी धरलं, एक त्यांनी. रस्सीखेच झाली, मी गवतावर बसले, पण एक गाठ सुटेल तर शपथ. सुटेल कशी? गजऱ्याची गाठ ती! वरात संपली तरी कळी गळता कामा नये.

हिसाकोबाई माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या, "पॅलेस?"

"व्हेरी स्ट्रिक्ट पॅलेस," मी म्हटलं.

आणि त्या हसल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग आतून त्यांची छोटी कात्री आणली.

"मी कापते ना," सुनेत्रा म्हणाली.

"नो. बेबी'ज क्लॉथ." त्या वाकड्या बोटांनी एकेक दोरा कापत बसल्या. चहा निवला, उन्हं उतरली. कापडाला कुठे ओरखडा नाही.

पसरलं तर कडी गोल आलीच नव्हती. लांबोडक्या कळ्या, ओळीने ओवलेल्या. हिसाकोबाई कितीतरी वेळ त्यांवरून बोट फिरवत राहिल्या. "राँग," म्हणाल्या. मग, "व्हेरी प्रिटी राँग." उठल्या, बादलीवर झाकण ठेवलं आणि पायाने सरकवत ती पावसापासून आत, वळचणीला नेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या पायरीवर घडी केलेला पांढरा अभ्रा होता, वर दोऱ्याचं रीळ. अभ्र्याच्या कोपऱ्यात एकच चिमटी बांधलेली. वाकडी, जरा सैल. दोऱ्याच्या टोकावर दातांची खूण होती.

मी दोन्हीकडून धरून ताणलं. टप्.

मग ती परत कशी बांधायची ते विचारायला, चपला घालून, मला त्यांच्याकडेच जावं लागलं.