अँटिकोस्टी बेट जागेवर नव्हतं

एप्रिल १९६०. हवामानाचा उपग्रह सोडून तेरा दिवस झाले होते. न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरच्या आमच्या केंद्रावरून तो एका फेरीत दहाएक मिनिटंच जायचा. तेवढ्यात त्याने टिपलेली ढगांची छायाचित्रं उतरवून घ्यायची. त्यांवर अक्षांश-रेखांश नसत. उपग्रहाचा आस, म्हणजे त्याचा कॅमेरा, कुठे रोखलेला आहे यावरून मी पारदर्शक कागदावर जाळी आखायचो. ती छायाचित्रावर ठेवून थेल्मा व्हँडरव्हूर्ट ढग नकाशावर उतरवायची.

त्या दुपारी अटलांटिकवर ढगांचा मोठा भोवरा दिसला. माझ्या जाळीत तो खोल समुद्रात, बोटींपासून लांब होता. दोन वाजता नकाशा हवामान खात्याला पाठवायचा होता. त्यावरून मासेमारीच्या बोटींना इशारे जात.

थेल्माने पेन्सिलीचं टोक छायाचित्रातल्या एका पांढऱ्या पट्ट्यावर ठेवलं. ‘‘नील, हे अँटिकोस्टी बेट ना?’’

‘‘ढग असेल.’’

‘‘वीस वर्षं नकाशे काढतेय, पोरा. बेट ओळखते मी. ते न्यूफाउंडलंडच्या पश्चिमेला असतं, तुझ्या जाळीत त्याच्या खाली पोहायला गेलंय.’’

बेट असेल तर उपग्रहाचा आस हलला होता, आणि तो स्थिर आहे हे मी पहिल्या दिवसापासून गृहीत धरलं होतं. मी जुनी छायाचित्रं काढली आणि ओळखीचे किनारे शोधले. चूक रोज थोडी थोडी वाढत गेली होती. ढगांना अशी शिस्त नसते.

दोनला वीस मिनिटं होती. मी आमच्या प्रमुखांना, क्विग्लींना, सांगितलं. किती नकाशे गेलेत, त्यांनी विचारलं.

‘‘चौतीस. सगळ्या जाळ्या माझ्या.’’

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. ‘‘आधी आजचा नीट कर. रडायचं ते दोननंतर.’’

बेट आपल्या जागी बसेपर्यंत मी जाळी सरकवत, वाकवत नेली. भोवरा वायव्येला सरकला आणि थेट ग्रँड बँक्सवर, मासेमारीच्या उथळ समुद्रावर आला. या दिवसांत बोटी तिथेच असतात. थेल्माने भराभर ढग उतरवले. दोनला दोन मिनिटं असताना नकाशा गेला.

मग मी चौतीस दुरुस्त्यांचं पत्र लिहायला बसलो. कुणी सांगितलं नव्हतं, तरी थेल्मा खुर्ची ओढून शेजारी बसली. पहिल्या दिवसाची जाळी किनाऱ्यावर अचूक बसली.

‘‘चला, एक तरी वाचली,’’ ती म्हणाली आणि तिने पुढचं छायाचित्र ओढलं.