मागून बँकर नको

निवृत्त झाल्यावर आमच्या ह्यांना वेगवान गाडीचं वेड लागलं. ज्या वयात लोक गुडघ्याला तेल चोळत बसतात, त्या वयात हे मोबाइलवर टर्बो इंजिनांचे आवाज ऐकत बसायचे. माझ्या लोणावळ्याच्या स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्टीपेक्षा मोटारींची गुरगुर जास्त. माझ्या, म्हणजे नजमाच्या, जागी दुसरी कुणी असती तर मोबाइल आमटीत गेला असता.

कारण विचारलं की आमचे नूरमहंमद एकदम गंभीर. ह्यांनी उभी नोकरी रेल्वेत बँकरवर काढली. कर्जतहून घाट चढणाऱ्या गाडीला मागून ढकलायला जास्तीची इंजिनं लावतात, त्यांना बँकर म्हणतात. लोणावळा आलं की ती सोडतात आणि गाडी पुण्याकडे निघून जाते. आपल्याला कुणी ढकललं, हे आत बसलेल्यांच्या गावीही नसतं.

"येवढी वर्षं घाट चढलो, पण समोर कायम शेवटचा डबा," हे म्हणायचे. "येकदा तरी समोरून बघत चढायचाय. माझ्या गाडीच्या जोरावर."

मी म्हणायचे, कर्जतला परत उतरताना बघितलाच असेल की. त्यावर उत्तर ठरलेलं: उतरताना बघितलेला घाट धरत नाहीत. मी हसायचे, पण मनातून वाईटही वाटायचं. ह्या माणसानं आयुष्यात स्वतःसाठी दुसरं काही मागितलेलं मला आठवत नाही.

शेवटी वडगावला जुन्या गाड्या विकणाऱ्या तेजलकडे गेलो. बरोबर आमची मुलगी जिया होती. ती नवलाख उंबरे गावातल्या कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग तपासते, त्यामुळे घरातल्या फुलक्यांनासुद्धा तिच्या हातून पास व्हावं लागतं. तेजलनं दोन गाड्या दाखवल्या. एक लाल, बारा वर्षांची, एके काळी मोठ्या लोकांनी उडवलेली. दुसरी राखाडी, तीन वर्षांची, तितकीच पळणारी, पण किंमत लालच्या दुप्पट.

ह्यांचा जीव लालवर. किंमत पडायची तेवढी पडून झालीय, आता अजून कुठं पडणार, हा ह्यांचा हिशेब. जियानं तो तिथंच खोडला.

"गाडी स्वस्त झाली म्हणून तिचा क्लच स्वस्त होत नाही, अब्बा. तो महागड्या गाडीचाच क्लच राहतो."

शिवाय पार्ट मागवायचा, तो येईपर्यंत गाडी झाकून ठेवायची, आणि पंधरा वर्षं भरली की नव्यानं पासिंगसाठी खेटे घालायचे. राखाडी गाडीचीही तिनं गय केली नाही. विमा जड, आणि घेतल्या दिवसापासून किंमत उतरणार. पण वॉरंटी शिल्लक होती, म्हणजे बिघडली तर डोकं कंपनीचं दुखेल. मला राखाडीची सीट कमरेला बरी वाटली, पण माझ्या कमरेला कोण विचारतं?

तरी हे राखाडीकडे झुकायला लागले होते. तेवढ्यात तेजल प्रेमानं म्हणाली, "एवढा विचार करू नका काका. आमचा बँकर आहे ना, तो मागून सगळा सपोर्ट देईल."

तिला म्हणायचं होतं बँकेतला कर्ज देणारा माणूस. पण आमच्या घरात बँकर म्हणजे एकच.

हे ताठ झाले. "हिला बँकर लागतो?"

"लागतोच, काका. एवढ्या गाडीला बहुतेकांना लागतो."

"आणि लालला?"

"तिला कशाला? ती तुम्ही स्वतःच्या हिमतीवर न्याल."

झालं. जिया त्या वेळी लाल गाडीखाली डोकं घालून तेलाचे डाग शोधत होती, नाहीतर तिथंच उलगडा झाला असता. मलासुद्धा वाटलं, राखाडी घाटात धापा टाकत असणार आणि हे लोक मागून काहीतरी लावून देत असणार. रेल्वेवाल्याशी संसार केला की डोकं असंच चालतं. मी फक्त एक अट घातली. आधी घाट चढून दाखवायचा, मगच पैसे.

रविवारी आम्ही लाल गाडीतून खोपोलीला उतरलो. हे चालवायला, मी शेजारी, तेजल मागं. जिया ड्यूटीवर. खोपोलीहून गाडी वळवली आणि ह्यांनी पाय दाबला. खोटं कशाला बोलू, गाडी उडाली. वळणामागून वळण समोर उघडत गेलं, डोंगर अंगावर येत गेला आणि माझा नवरा लग्नात हसला नव्हता तेवढा हसला. शिंग्रोबाच्या देवळाअलीकडे बॉनेटमधून वाफ आली. मग लाल गाडीनं मान टाकली.

हे खाली उतरले, बॉनेटकडे बघत राहिले आणि पडेल आवाजात तेजलला म्हणाले, "बोलवा तुमचा बँकर."

तेजल गोंधळली. "काका, रविवारी बँक बंद असते."

"बँक?"

मग तिनं सगळं सांगितलं. कर्ज, हप्ता, बँकेतला माणूस. मला इतकं हसू आलं की मी कठड्याला धरून खाली बसले. हे हसले नाहीत.

तेवढ्यात गुळाच्या ढेपा भरून लोणावळ्याला चाललेला एक टेंपो थांबला. ड्रायव्हरचं नाव निवृत्ती. त्यानं वाकून बघितलं. "पाइप फुटलाय, भाऊ. हितं उभं ऱ्हाऊन काय उपयोग न्हाई. दोर लावतो, खंडाळ्यापतूर या मागनं."

उरलेला घाट आम्ही दोराला बांधून चढलो. पुढं टेंपोची पाठ आणि तिच्यावर 'हॉर्न प्लीज'. एवढंच दिसत होतं. मी तोंडात पदर कोंबून बसले होते.

खंडाळ्याला ह्यांनी स्वतः दोर सोडला आणि गुंडाळून निवृत्तीच्या खिडकीशी गेले. त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "तुमी नसता तर आमी चढलो नसतो. हे तोंडानं सांगायला पायजे, म्हणून आलो."

तो बिचारा लाजला, असू द्या असू द्या म्हणत निघून गेला. माझं हसू मात्र गेलं. आमच्या ह्यांना हे वाक्य कुणी कधी ऐकवलं असेल, असं मला वाटत नाही. आणि त्यात मीही आलेच.

शेवटी राखाडी गाडी घेतली, कर्जावर. हप्ता कापल्याचा मेसेज आला की हे घरभर ओरडून सांगतात, बँकर लागला.

राखाडीनं पहिल्यांदा घाट चढलो तेव्हा समोर कुणीच नव्हतं. अख्खा घाट ह्यांचा होता. खंडाळ्याजवळ पलीकडच्या रुळांवर एक गाडी चढताना दिसली आणि ह्यांनी अचानक आमची गाडी कडेला थांबवली. मी म्हटलं, आता काय बिघडलं? काही नव्हतं बिघडलं. हे खाली उतरून उभे राहिले. इंजिन गेलं, डबे गेले, ह्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. सगळ्यात शेवटी बँकर आला तेव्हा ह्यांनी हात वर केला.

"त्यांना दिसलं का?" मी विचारलं.

"कसं दिसंल? त्यांच्यासमोर डबा हाये."

तरी हात खाली आला नाही. मग मीही गाडीतून उतरले आणि बँकर बोगद्यात शिरेपर्यंत ह्यांच्या शेजारी हात वर करून उभी राहिले.