माझी छुपी कडी

मित्रांनो, मोटारसायकलच्या मागच्या सीटला दोन्ही बाजूंनी लटकणाऱ्या चामड्याच्या बॅगा तुम्ही पाहिल्याच असतील. त्यांत उजवीकडची, रंग उडालेली, झाकणावर भलामोठा आडवा टाका असलेली बॅग कधी दिसली तर ती मीच समजा. टाका कसा पडला ते सांगायलाच बसले आहे. पण जरा सावकाश सांगू द्या, कारण त्या दिवशी मला जो धक्का बसला तो अजून अंगातून गेलेला नाही. अजूनही झाकणाला कोणी नुसतं बोट लावलं तरी मी दचकते.

माझा जन्म एका खोलीच्या कारखान्यात झाला. खोली अरुंद, पण कामाला कमी नव्हती. भिंतीवर रापी, आरी, पक्कड, मेणाच्या दोऱ्यांची रिळं, आणि मधोमध पायाने चालवायचं जाड शिलाईचं मशीन. ते चालू झालं की पलीकडच्या स्वयंपाकघरातले डबे थरथरायचे. तिथे बसून मामा खोगिरं शिवायचे, पट्टे शिवायचे, पेट्यांना चामड्याच्या मुठी लावायचे. मी त्यांना मामा म्हणते, कारण माझी मालकीण त्यांची भाची आहे. ती नव्याने कामाला लागली आणि तिने मोटारसायकल घेतली, तेव्हा मामांनी एकाच कातड्यातून मला आणि माझ्या डाव्या बहिणीला कापलं.

आम्हा दोघींची खरी शान म्हणजे आमची छुपी कडी. समोरून दोन पट्टे आणि दोन गलेलठ्ठ बकलं दिसायची. कोणालाही वाटावं की ती सोडली की बॅग सुटली. पण ती निव्वळ दिखाव्याची होती. बॅग अडकलेली असायची सीटखालच्या एका पितळी कडीत, आणि ती कडी काढायची एक खास रीत होती. ती रीत मामांना ठाऊक होती आणि भाचीला. मामींनासुद्धा सांगितली नव्हती, आणि मामींनी त्याबद्दल मामांना वर्षानुवर्षं टोमणे मारले. शेजारच्या मेकॅनिकने एकदा पैज लावून खटपट केली. घाम पुसत तो निघून गेला, आणि मामा आठवडाभर मिशीतल्या मिशीत हसत होते.

भाचीचं काम मोठं नाजूक होतं. ज्यांचा पाय गेलेला आहे अशांसाठी ती कृत्रिम पाय बनवायची आणि घरी जाऊन बसवायची. डाव्या बहिणीत हत्यारं असायची, माझ्यात पाय. किती पाय मी वाहिले म्हणून सांगू! लहान मुलीचा हातभर पाय, मास्तरांचा लांबलचक पाय, पोहायला जाणाऱ्या एका आजींचा पाय. भाचीचा एक नियम होता. घरात शिरताना ती फक्त हत्यारांची बॅग घ्यायची. मी पायासकट बाहेर मोटारसायकलवर.

"पाय आधी खोलीत आणला की सगळे पायाकडेच बघत बसतात," ती म्हणायची. "माणसाला कोणी विचारत नाही. आधी मी माणसाशी बोलणार, त्याची जखम बघणार, मग पाय."

मला हा नियम फार आवडायचा. एवढी मोलाची वस्तू आणि राखायला मी एकटी. झाकणाला पक्कं कुलूप, मागे मामांची कडी. मी तोऱ्यातच असायचे. मधली काही वर्षं भाची कामात इतकी बुडाली की मला तेल मिळेना. चामडं कोरडं पडलं, कडांना चिरा गेल्या. तेव्हाही मला राग आला नाही. माझ्यावर विश्वास होता म्हणूनच माझ्याकडे लक्ष नव्हतं, अशी मी मनाची समजूत घालायचे.

मग पहिला धक्का बसला. मामांच्या पायाला एक साधी जखम झाली. ती चिघळली, दुखणं चढत गेलं, आणि त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. दुसऱ्यांचे पाय वाहून माझी शिवण झिजली होती, तरी ही बातमी ऐकून मी सुन्न झाले. कारखान्याला कुलूप लागलं. मामा कुबड्या घेऊन खिडकीत बसू लागले आणि मामी किल्ली कमरेला लावून हिंडू लागल्या.

भाचीने मामांसाठी एक पाय केला, तो कातडीला घासायचा. दुसरा केला, त्याने चालता यायचं, पण त्याचा घोटा खाली वाकत नव्हता, म्हणून मशीनचा पायडल दाबता येईना.

"मला हिंडायचं नाहीये गं," मामा म्हणाले. "मला मशीन चालवायचंय. ते होत नसेल तर कशाला उगाच?"

मशीन विकत घेणारा एक गिऱ्हाईक येऊन बघूनही गेला. मामांनी त्याला सांगितलं, भाची अजून एक पाय आणणार आहे, तो चालला तर ठीक, नाही तर मशीन उचलून घेऊन जा. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गाडी घेऊन येणार होता. आणि आदल्या दुपारी भाची तिसरा पाय घेऊन निघाली. घोटा हवा तसा वाकणारा, मांडीला बांधायला चामड्याचा पट्टा, आणि मामांना परका वाटू नये म्हणून त्याला त्यांचाच जुना मोजा आणि त्यांचाच तपकिरी बूट घातलेला. तो पाय माझ्या पोटात होता. मामांचा सगळा जीवच माझ्या पोटात होता म्हणा ना.

भाचीने गाडी खिडकीखाली लावली, बहिणीला काढून घेतलं, मला थोपटलं आणि आत गेली. मामींनी पाणी दिलं. मग हात गरम पाण्याने धुवायला भाची मागच्या मोरीत गेली आणि पाणी ओतायला मामी तिच्याबरोबर. मामा खिडकीत एकटेच.

तेवढ्यात एक माणूस आला. डोक्यावर हेल्मेट, अंगात मेकॅनिक घालतात तसा निळा डगला. इकडेतिकडे न बघता तो सरळ माझ्यापाशी आला आणि त्याने समोरची बकलं सोडली. मला हसू आलं. त्याने ओढलं, मी हलले नाही. त्याने टायरला गुडघा टेकवून ओढलं, तरी मी जागची हलले नाही. वैतागून त्याने हात झटकले आणि तो निघायला वळला. एवढ्यात वरून आवाज आला.

"अहो, तसं नाही निघायचं ते."

मित्रांनो, तो आवाज मामांचा होता.

भाचीने फोनवर त्यांना सांगितलं होतं की या खेपेला मदतीला कोणाला तरी आणीन. तो मदतनीस ऐनवेळी आलाच नव्हता, पण हे मामांना कुठे माहीत? त्यांना वाटलं, हाच तो. बिचारा बॅग आत आणायला धडपडतोय. त्यांना कधी एकदा पाय येतो असं झालेलं.

माणूस जागच्या जागी थिजला. हेल्मेट हळूच वर झालं.

"घाबरू नका, पहिल्यांदा सगळ्यांचं असंच होतं," मामा म्हणाले. "ती बकलं नुसती दाखवायला आहेत. सीटखाली हात घाला. लागली कडी हाताला? आता बॅग थोडी वर उचला आणि कडी मागं ओढा. मागं हो, खाली नव्हे."

मी ओरडू शकले असते तर गल्ली गोळा केली असती. कडी मागे सरकली आणि मी सुटले. इतक्या वर्षांत भाचीखेरीज कोणाच्याही हाताने मी सुटले नव्हते. ज्यांनी मला जन्म दिला, त्यांनीच मला चोराच्या हवाली केलं, आणि तेही हसत हसत.

"बघा, आली की नाही," मामा अभिमानाने म्हणाले. "माझंच काम आहे ते."

"छान काम आहे, काका," चोर म्हणाला. त्याने मला काखोटीला मारलं आणि दाराकडे न जाता कोपऱ्यावरून वळला. मामांना वाटलं, मागच्या दाराने येत असेल.

पुढचं मी डाव्या बहिणीकडून ऐकलं. भाची हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "चल मामा, आधी कापलेल्या पायाची जखम बघू दे, मग नवा पाय आणते."

"तो तुझा माणूस घेऊन आला ना? मागच्या दाराने?"

"कुठला माणूस? मी एकटीच आलेय."

मामांच्या चेहऱ्यावरचा रंगच उतरला म्हणे. त्यांनी खिडकीतून खाली गाडीकडे बघितलं. मग म्हणाले, "मीच सांगितलं त्याला. कडी कशी काढायची, ते मीच सांगितलं."

मामी दारात उभ्या होत्या. "जन्मभर कोणाला सांगितली नाही," त्या म्हणाल्या, "आणि सांगितली ती चोराला." भाचीने पोलिसांना फोन लावला.

इकडे चोराने मला एका बंद गोदामामागे नेलं. कुलूप त्याला दाद देईना, म्हणून त्याने सुरी काढली आणि कुलपाच्या बाजूने माझं झाकण चिरलं. ते दुखणं मी सांगत नाही. त्याने आत हात घातला. हाताला बूट लागला, तसा तो खूश झाला. त्याने बूट ओढला. बुटामागून मोजा आला. मोज्यामागून घोटा आला आणि घोट्यामागून अंगाच्या रंगाची पोटरी.

त्याची बोबडीच वळली. त्याने पाय भिरकावून दिला, तो दगडावर आपटला आणि चामड्याचा पट्टा फाटला. चोर पळत सुटला. थोड्या वेळाने मी बघते तर काय, स्वारी परत आली, आणि सोबत एक हवालदारबाई. स्वतःच चौकीवर जाऊन त्यांना घेऊन आला होता. आपल्या हातांचे ठसे सगळीकडे लागलेत आणि आता खून आपल्यावर शेकणार, या भीतीने त्याचं धाबं दणाणलं होतं.

"बाई, मी काही केलेलं नाही," तो सांगत होता. "ही बॅग इथेच पडली होती. आत माणसाचा पाय आहे."

जमलेल्या माणसांपैकी कोणी पुढे होईना. शेवटी हवालदारबाई वाकल्या, त्यांनी पायावर बोटाच्या पेराने टकटक केलं, वरच्या पोकळीत डोकावून पाहिलं. मग माझ्या झाकणाकडे बघितलं.

"पाय खोटा आहे," त्या म्हणाल्या. "पण हे चामडं आत्ताच कापलेलं आहे. खिशात काय आहे ते काढ बघू."

तो माणूस ज्या नजरेने पायाकडे बघत राहिला, ती मी विसरणार नाही. चोरीच्या मालाने धरून दिलेला चोर मी तरी पहिल्यांदाच पाहिला.

संध्याकाळी आम्ही घरी आलो. भाचीने फाटलेला पट्टा हातात घेतला आणि तिचा चेहराच पडला. पट्ट्याशिवाय पाय मांडीला धरणार नव्हता. नवा पट्टा मागवायचा तर वेळ लागणार, आणि सकाळी मशीन न्यायला गाडी येणार होती.

"बघू," मामा म्हणाले. त्यांनी फाटलेली कड अंगठ्याने चाचपली. "चामडंच आहे ना हे?"

"हो."

मामांनी मामींपुढे हात केला. "किल्ली द्या."

मामींनी कमरेची किल्ली काढून दिली. कारखान्याचं दार उघडलं. पाय गेल्यापासून मामांनी तिथे पाऊल टाकलं नव्हतं. कुबड्या भिंतीला टेकवून ते खाली बसले, आरी घेतली, दोऱ्याला मेण लावलं आणि पट्टा हाताने शिवून काढला. भाचीने पाय चढवला, पट्टा आवळला. मामा उठले, डगमगले, मशीनपाशी जाऊन बसले. तपकिरी बूट पायडलवर ठेवला आणि दाबला. घोटा वाकला. मशीनचं चाक फिरलं. पलीकडे स्वयंपाकघरात डबे थरथरू लागले आणि मामी पदर तोंडाला लावून तिथेच उभ्या राहिल्या.

त्या मशीनवर सगळ्यांत आधी माझं झाकण शिवलं गेलं. तोच हा आडवा टाका. सकाळी गिऱ्हाईक गाडी घेऊन आला, तेव्हा मामींनी त्याला उंबऱ्यावरूनच सांगितलं, "मशीन कामात आहे."

मित्रांनो, तुमच्या घरातल्या गाडीलाही अशा बॅगा असतील. नुसत्या बकलांवर विसंबू नका, त्यांना चांगली साखळी आणि कुलूप लावा. गाडी डोळ्यांसमोर लावा. जी वस्तू गेली तर कोणाचं आयुष्य अडेल, ती क्षणभरही गाडीवर सोडू नका. माझी मालकीण आता पाय कापडात गुंडाळून आपल्याबरोबर आत नेते. आम्हाला अधूनमधून तेलाचा हात लावा. आणि कोणी अनोळखी माणूस गाडीशी खटपट करताना दिसला, तर कृपा करून त्याला मदत करण्याआधी तो कोण आहे ते विचारा.

मामांनी नंतर माझ्या चामड्यात पोलादी तार घातली आणि जुनी कडी काढून फेकून दिली. तिच्या जागी त्यांनी नवीच काहीतरी करामत बसवली. भाची ती न्याहाळत कारखान्यात बसली होती.

"मामा, आता ही काढायची कशी?"

मामा मशीनवरून उठले. आपल्या दोन पायांवर चालत खिडकीपाशी गेले, गल्लीत दोन्हीकडे बघितलं आणि खिडकी लावून घेतली. मग दार लावलं. बाहेरून मामी विचारत होत्या की भरदिवसा दार कशाला लावताय. मामांनी आतून खिटीही घातली. ते भाचीच्या कानाशी वाकले आणि हळू आवाजात त्यांनी रीत सांगितली.

मी तिथेच होते. मी सगळं ऐकलं. पण मित्रांनो, तुम्ही कितीही आपले असलात, तरी ते मी तुम्हालासुद्धा सांगणार नाही.