सात नंबरचा पोर्ट
रसिकाचं लग्न झालं त्या साली, म्हणजे २०२४ ला, दसऱ्याला तिच्या बापाच्या निवृत्तीला जेमतेम साडेपाच महिने उरले होते. बाप म्हणजे गुणाजी भोईर. वागळे इस्टेटमधल्या एका पॅकिंगच्या कारखान्यात एकतीस वर्षं इलेक्ट्रिशियन.

दसऱ्याची सुट्टी संपून सोमवारी कारखाना उघडला, तर खालचा मजला मुका. संगणक आपसांत बोलत होते, पण वरच्या मजल्यावरच्या सर्व्हरपर्यंत एकाचाही निरोप पोचेना. हजेरीचं यंत्रही बंद. वर मात्र जयेश साहेबांचा व्हिडिओ कॉल झकास चालू.

"आमचं चालतंय म्हणजे नेटवर्क ठीक आहे," मॅनेजर जयेश साहेब म्हणाले. "खाली कुणीतरी हात लावलाय."

कुणीतरी म्हणजे गुणाजी, कारण खालच्या रॅकची, म्हणजे नेटवर्कच्या वायरींच्या कपाटाची, किल्ली त्याच्याकडे. बुधवारी मेमो आला: छेडछाड केल्याचं कबूल करून सही करा. सही केली की नोकरी जाणार, आणि एकतीस वर्षांचं नावही.

नेटवर्कच्या ठेकेदाराचा माणूस साईनाथ दोन दिवस राउटरशी झटत होता. साहेबांनी 'राउटिंगचा इश्यू' असं फर्मावलं होतं, आणि साहेबांनी आजाराला नाव दिलं की त्याने तोच आजार व्हायचं असतं.

"वायर ठीक आहे काका, हिरवा दिवा लुकलुकतोय."

"दिवा तर गणपतीच्या मखरातही लुकलुकतो. म्हणून काय तिथून फोन लागतो? वर जाणारी निळी वायर कुठं खुपसलीय ते बघ की रे!"

साईनाथने रॅक उघडला. सगळ्या वायरी जिथं एकत्र येतात त्या स्विचवर, झेंडूच्या सुकलेल्या हाराखाली, निळी वायर सात नंबरच्या पोर्टात.

"आयला! ही चोवीसमध्ये पाहिजे. प्रत्येक खात्याचं व्हीलॅन, म्हणजे नेटवर्कमधली गल्ली, वेगळी, पण सगळी वाहतूक वर जाते ती चोवीसमधून. सात नुसता कॅमेऱ्याचा."

वायर बदलली. मिनिटभरात हजेरीचं यंत्र ओरडलं.

मग ती काढली कुणी? खंडेनवमीला पूजेसाठी रॅक गुणाजीनेच उघडून दिला होता आणि तो मोटारींना हळदकुंकू लावायला गेला होता. पण कंपनीच्या ग्रुपवर फोटो होता: एका हातात हार, दुसऱ्या हातात उपटलेली निळी वायर, कपाळाला कुंकू, आणि हसरे जयेश साहेब. वायर मधे येत होती, हार नीट बसत नव्हता; हार बसल्यावर ती दिसेल त्या भोकात परत खुपसली होती.

गुणाजी मोबाईल घेऊन वर गेला. साहेबांनी फोटो बराच वेळ न्याहाळला.

"चांगला आलाय," ते म्हणाले. "पण गुणाजी, मेमो निघालाय ना. फाईल अर्धवट राहते. सही करून टाका, मी पुढे काही करणार नाही."

"पूजा तुमची, वायर तुम्हीच काढली. मग सहीसुद्धा तुम्हीच ठोका, साहेब," गुणाजी म्हणाला, आणि पेन त्यांच्यासमोर ठेवून खाली उतरला.

सही कुणीच केली नाही. आठवड्याने परिपत्रक लागलं: यापुढे स्विचची पूजा अधिकृत व्यक्तीनेच करावी. गुणाजी मार्चअखेर मानाने निवृत्त झाला. १४ जून २०२५ रोजी ठाकुर्लीच्या राहत्या घरी तो हृदयविकाराने वारला.