खादाड गाडीचं खरं दुखणं

मी एक जुनी निळी गाडी आहे, मित्रांनो, आणि खादाड मुळीच नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण मध्यंतरी सगळ्या गल्लीने मला तेच नाव ठेवलं होतं.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. कुणी मला चाकं लावली, कुणी काचा बसवल्या, कुणी दारं पुन्हा पुन्हा उघडझाप करून पाहिली. बाहेर पडले तेव्हा मी इतकी चकचकीत होते की माझ्या दारात बघून लोक भांग पाडायचे. मला घरी आणलं ते एका नर्सताईंनी. घरोघरी जाऊन त्या कुणाची जखम धुतात, कुणाला इंजेक्शन देतात. औषधांची जड पेटी मी सांभाळते. "ही आहे म्हणून माझं सगळं चाललंय," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, आणि मी मनातल्या मनात हॉर्न वाजवून घ्यायचे.

आमचं घर चढावर आहे. ताईंचे वडील, म्हणजे आमचे आजोबा, जन्मभर बस चालवून निवृत्त झाले. बस सुटली, पण बसची सवय काही सुटली नाही. संध्याकाळी ताई मला दारात उभी करून आत गेल्या की आजोबा हळूच यायचे आणि सगळा जोर लावून हँडब्रेक आणखी एकदा ओढायचे. "उतार आहे बाई, घसरलीस म्हणजे?" असं मलाच म्हणायचे. त्यांच्या मायेला तोड नव्हती, आणि हाताच्या जोरालाही.

पुढे पुढे माझी मागची चाकं जड झाली. इंजिन बिचारं जीव तोडून ओढायचं आणि भरलेली टाकी बघता बघता रिकामी व्हायची. "पुन्हा आलात?" म्हणून पंपावरचा माणूस हसायचा. गॅरेजमध्ये एअर फिल्टर साफ केला, प्लग बदलले, टायरमध्ये हवा भरली. ताईंनी डिकीतलं अडगळीचं सामानही उतरवलं. फरक शून्य. दुखणं मागे आणि जो तो बोनेट उघडून बघतोय. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! मला बोलता आलं असतं तर एका वाक्यात काम झालं असतं.

एका सकाळी ताई मला टेकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बाबा, गाडी विकून टाकते. हा पांढरा हत्ती आता पोसवत नाही."

"आणि पेटी घेऊन फिरणार कशी?"

"बसने."

"टेकडीवर बस जात नाही," आजोबा म्हणाले. "वरच्या त्या म्हातारीची जखम कोण धुणार?"

मला फार वाईट वाटलं. गिऱ्हाईक तर दुसऱ्याच दिवशी यायचं होतं.

त्या दुपारी गॅरेज चालवणारी मेकॅनिक घरी आली. ती म्हणाली, "विकायचीच असेल तर विका, पण मला आधी एक चक्कर मारू द्या. बोनेटमध्ये डोकं घालून आता कंटाळा आला." आजोबा तिच्या शेजारी बसले. चक्कर मारून ती परत दाराशी आली. चढावर तोंड वर करून मला उभं केलं, गिअर काढला, हँडब्रेक खाली केला आणि ब्रेकवरचा पाय अलगद उचलला.

"आजोबा, इथे तुमची बस असती तर काय झालं असतं?"

"मागे सुटली असती."

"मग ही का बसून राहिलीय?"

ती खाली उतरली. पुढच्या चाकाजवळ हात नेला, मग मागच्या चाकाजवळ नेला आणि झटकन मागे घेतला. "तापलंय नुसतं. हँडब्रेक सुटतच नाही. केबल ताणून ताणून अडकलीय. ही बिचारी ब्रेक लागलेलाच घेऊन धावतेय. इतका जोरात ओढतं तरी कोण?"

दारात उभ्या असलेल्या ताईंनी वडिलांकडे बघितलं. आजोबा स्वतःच्या तळहाताकडे बघत होते.

"मी," ते म्हणाले. "रोज ओढतो. घसरू नये म्हणून."

आता बोलणी बसणार असं मला वाटलं. पण ताईंना हसूच आवरेना. "बाबा, तुम्ही तिला इतकं घट्ट धरलंत की तिला चालताच येईना." मग आजोबाही हसले, जरा ओशाळूनच. खरं सांगते, मला त्यांचा राग आला नाही. मला कुणी इतकं जपलंय, हे ऐकून बरंच वाटलं.

नवी केबल बसली, मागचे ब्रेक साफ झाले. मग चढावर पुन्हा तीच परीक्षा झाली, आणि पाय उचलल्याबरोबर मी मागे सरकले. घसरले म्हणून शाबासकी मिळालेली गाडी माझ्याशिवाय दुसरी नसेल. ताईंनी गिऱ्हाइकाला फोन करून नाही म्हणून सांगितलं. आणि पंपावरचा माणूस आता विचारतो, "होतात कुठे इतके दिवस?"

मित्रांनो, कुणी धापा टाकताना दिसलं तर लगेच नावं ठेवू नका. त्याला कुठे काय अडतंय, ते आधी बघा. आणि माया करा, पण तिलाही थोडी ढील असू द्या.

आजोबांनी माझ्यासाठी एक लाकडी ठोकळा तासलाय, त्याला निळा रंगही दिलाय. संध्याकाळी ताई हँडब्रेक लावतात आणि आजोबा फक्त तो ठोकळा माझ्या चाकामागे सरकवतात. हात शिवशिवतो त्यांचा, मला दिसतं. पण ते माझ्या टपावर थोपटतात आणि आत जातात. सकाळी ठोकळा काढायचा मानही त्यांचाच. तो काढून ते म्हणतात, "जा बाई, टेकडीवर वाट बघत असतील." आणि मी जाते.